ऊन सर्वांचे, छप्पर कोणाचे?

पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरच्या अलीकडे वाठारचा फाटा लागतो. तेथून आत वळले की थोड्याच अंतरावर पेठ वडगाव आहे. सरसेनापती धनाजी जाधव यांच्या समाधीमुळे हे गाव इतिहासाला ठाऊक आहे आणि बाजारपेठेमुळे पंचक्रोशीला. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती. नगरपरिषद, बाजार समिती, शाळा-महाविद्यालये आणि भोवताली उसाचे मळे, असे हे हातकणंगले तालुक्यातील चालतेबोलते गाव. अशा गावातील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून सभोवार पाहिले, तर गेल्या पन्नास वर्षांची वाटचाल छपरांवरूनच वाचता येते. जुन्या घरांवर कौले आहेत, नंतरच्या घरांवर सिमेंटचे स्लॅब आहेत, कडेच्या वस्त्यांवर पत्रे आहेत. अलीकडे काही स्लॅबवर निळसर रंगाची सौर पॅनेलेही दिसू लागली आहेत.

ही पॅनेले पाहून आनंद वाटतो. कोळसा जाळून होणारी वीज तेवढी वाचली, धूर तेवढा कमी झाला आणि त्या कुटुंबाचे बिलही हलके झाले. परंतु त्याच गच्चीवरून दिसणाऱ्या पत्र्याच्या खोल्यांकडे दृष्टी वळली की मनात प्रश्न उभा राहतो. ऊन तर परमेश्वराने सर्वांच्या डोक्यावर सारखेच पाडले आहे. मग त्याचा लाभ ज्याचे छप्पर पक्के त्यालाच का मिळावा? स्वच्छ ऊर्जेच्या योजना आपल्या दारापर्यंत आल्या आहेत. अशा वेळी या प्रश्नाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

योजनेचा हिशेब

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवून त्यासाठी सुमारे ७५ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटच्या संचाला एकूण ७८ हजार रुपये, असे अनुदानाचे स्वरूप आहे. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. दिवसा घरात लागली नाही ती वीज महावितरणच्या वाहिनीत जाते, रात्री तेवढीच परत घेता येते आणि दोहोंतील फरकाचे बिल येते. यालाच 'नेट मीटरिंग' म्हणतात.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आपल्या देशातील वीज अजूनही मुख्यतः कोळशावर तयार होते. त्यामुळे एक युनिट विजेमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. एक किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे चौदाशे युनिट देतो. म्हणजे हा संच वर्षाकाठी सुमारे एक टन कर्बवायू टाळतो.

कागदावर सर्व काही चोख आहे. परंतु योजनेचा लाभ घेण्यासाठी छप्पर आपले स्वतःचे असावे लागते, वीजजोडणी आपल्या नावावर असावी लागते आणि अनुदान नंतर जमा होत असल्याने सुरुवातीची रक्कम हाताशी असावी लागते, नाही तर कर्ज काढावे लागते. बाजारपेठेच्या गावात भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळ असतात. चार भावांत वाटणी न झालेली जुनी घरेही असतात. तेथे मीटर एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची आणि सहीला तिसरा भाऊ मुंबईत, अशी अवस्था असते. गंजलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्याच्या छपराला तर पॅनेलचे वजनही पेलत नाही.

राज्य शासनाने २०२५ मध्ये 'स्मार्ट' या नावाने एक पूरक योजना आणली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. महिन्याला शंभर युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी ती आहे. एक किलोवॅटच्या संचाची किंमत सुमारे ५० हजार रुपये धरली, तर केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे अनुदान मिळून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केवळ अडीच हजार रुपये भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना पाच हजार आणि इतरांना दहा हजार रुपये भरावे लागतात. पैशाची अडचण यामुळे बरीच दूर होते. छपराची अडचण मात्र राहतेच. घर भाड्याचे असेल किंवा छप्पर कच्चे असेल, तर अनुदान कितीही वाढवून उपयोग होत नाही.

कोल्हापूरची जुनी शिदोरी

स्वच्छ ऊर्जा ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. शेण-मैल्यापासून इंधनवायू मिळविण्याच्या भारतातील पहिल्या प्रयोगांपैकी एक मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये झाला. समाजाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या निवाऱ्यात ही ज्योत प्रथम पेटली, हे विसरण्याजोगे नाही. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचा गोबर गॅस संच गावोगावी नेला. १९८१ नंतर राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि दुधाचा जोडधंदा घरोघरी असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याने तो मनापासून उचलला. बायोगॅस उभारणीत या जिल्ह्याचे नाव राज्यात अग्रक्रमाने घेतले जाते, ते उगाच नव्हे. अलीकडच्या काळात 'गोकुळ' दूध संघाने 'सिस्टिमा बायो' या कंपनीच्या सहकार्याने लवचीक पिशवीचे बायोगॅस संच दूध उत्पादक महिलांपर्यंत नेले. टाळलेल्या कर्बवायूचे मोल 'कार्बन क्रेडिट'च्या रूपाने मिळवून संचाचा खर्च कमी करण्याची कल्पना त्यामागे आहे. गोठ्यातील शेणाचा संबंध जागतिक बाजाराशी जोडला जाईल, असे आपल्या आजीला कोणी सांगितले असते तर तिने पदर तोंडाला लावून हसून घेतले असते.

बायोगॅसचे यश कशात आहे? संच घराच्या अंगणात असतो, शेण घरचेच असते, ज्योत पेटली नाही तर त्याच दिवशी स्वयंपाकघरात कळते आणि दुरुस्त करणारा गवंडी शेजारच्या गावात मिळतो. जेथे जनावरे विकली गेली किंवा मिस्त्री मिळेनासा झाला, तेथे तेच संच कोरडे पडले. ज्याचा सांभाळ करणारा जवळ आहे तेच यंत्र टिकते.

उसाचीही अशीच कथा आहे. साखर कारखान्यांनी बगॅस जाळून वीज निर्माण करण्यास सुरुवात केली आणि वडगावपासून जवळच असलेल्या वारणानगरला ४४ मेगावॅटचा सहवीज प्रकल्प उभा राहिला. उसाचे पाचट मात्र आजही अनेक शेतांत पेटवून दिले जाते. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने या पाचटापासून इंधनाचा कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. त्याबद्दल तिला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. घरातील खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस संचासाठी २००६ मध्ये तोच पुरस्कार तिला पुन्हा लाभला. सांगायचे ते एवढेच की ज्ञान आपल्याजवळ होते, कच्चा मालही होता आणि सहकाराची परंपरा तर या मातीतच रुजलेली होती. भागभांडवल, सभासदत्व, वार्षिक सभा आणि लाभांश हे शब्द येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाहीत.

गावांनी दिलेले धडे

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील डोंगरात दरेवाडी नावाची छोटी वस्ती आहे. तेथे वीज पोहोचली नव्हती. २०१२ मध्ये 'ग्राम ऊर्जा' या पुण्याच्या संस्थेने 'बॉश' कंपनीच्या आर्थिक साहाय्याने तेथे ९.४ किलोवॅटचा सामायिक सौर संच उभारला. ३९ घरांना वीज मिळाली आणि पिठाची गिरणीही तिच्यावर चालू लागली. संच कोणा एकाच्या घरावर नव्हता, तर गावाच्या विश्वस्त मंडळाकडे होता. प्रत्येक घराला मीटर होते आणि महिन्याला वापराप्रमाणे पैसे गोळा होत. ते पैसे देखभालीसाठी आणि पुढे बॅटऱ्या बदलण्यासाठी बाजूला ठेवण्याची व्यवस्था होती. वीज फुकट नव्हती, म्हणूनच तिची कदर झाली आणि दिवा विझला तर जाब कोणाला विचारायचा हे सर्वांना ठाऊक होते.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. शंभरेक घरांच्या या गावाने स्वच्छतेत आणि ग्रामविकासात आधीच नाव मिळविले होते. एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय तेथे जुनी होती, सौर पॅनेले नंतर आली. त्यापाठोपाठ आपल्या करवीर तालुक्यातील शेळकेवाडीनेही हा मान मिळविला. ही दोन्ही गावे लहान आहेत आणि घरे बहुतांशी मालकीची आहेत, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. पंचवीस हजार वस्तीच्या आणि भाडेकरूंच्या गावात हाच मार्ग जसाच्या तसा चालणार नाही.

सहकाराचे उदाहरण पाहायचे तर गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातील धुंडी या गावाकडे पाहावे. तेथील काही शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. पंप चालवून उरलेली वीज ते सर्व मिळून वीज कंपनीला विकू लागले. वीज विकून पैसे मिळत असल्याने विनाकारण पाणी उपसण्याचा मोहही कमी होतो. आपल्या राज्यातील 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' याहून वेगळ्या वाटेने जाते. कंपन्या जमीन भाड्याने घेऊन प्रकल्प उभारतात आणि शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आणि सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना त्याचा लाभ मिळाला. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाणाऱ्या आणि सापाकिरड्याच्या भीतीने जगणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज म्हणजे काय, हे शहरी वाचकाला सांगूनही पुरते कळणार नाही. तरीही या दोन वाटांतील भेद ध्यानात घ्यावा. धुंडीत शेतकरी मालक आहे, तर येथे तो ग्राहक आहे.

पुराने शिकविलेले

आपल्या भागात ऊर्जेचा विचार महापुराला वगळून करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्याही वर चढले. वारणाकाठच्या निलेवाडीसारख्या गावांतील लोकांना जनावरांसह घरे सोडावी लागली. २०१९ मध्ये कोल्हापूर शहराची पाणी उपसा केंद्रे बुडाली आणि चहूबाजूंनी पाणी असताना लोक पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहत राहिले. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मोबाइल बंद पडल्याने आप्त जिवंत आहेत की नाहीत हेही कळेना.

येथे एक तांत्रिक गोष्ट वाचकांनी जाणून घ्यावी, कारण विक्रेते ती क्वचितच सांगतात. नेट मीटरिंगचा साधा सौर संच वाहिनीतील वीज गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच केलेली असते. म्हणजे भर उन्हात, छपरावर पॅनेले असतानाही, वीज खंडित झाली तर घरात अंधारच. महापुराच्या दिवसांत गावातील पन्नास गच्च्यांवर असे संच असते तरी एकही मोबाइल त्यांवर चार्ज झाला नसता. त्यासाठी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याची किंमत प्रत्येक घराला परवडणारी नाही आणि प्रत्येक घरी त्याची गरजही नाही.

गरज आहे ती सामायिक छपरांवर. पूर आला की लोक कोठे जातात? शाळेत, मंगल कार्यालयात, समाजमंदिरात, चर्चच्या सभागृहात. गावातील ज्या चार-पाच इमारती निवारा होतात, त्या इमारतींवर बॅटरीसह सौर संच असेल तर तेथे रात्री दिवा लागेल, मोबाइल चार्ज होईल, पाण्याची मोटर चालेल, मधुमेही आजोबांचे इन्सुलिन थंड राहील. आरोग्य केंद्रांचेही तसेच आहे. छत्तीसगड राज्याने शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसविले. बाळंतिणीच्या खोलीतील दिवा आणि लस ठेवण्याचे शीतकपाट वाहिनीच्या लहरीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू होता.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. घरोघरी पॅनेले जरूर बसावीत, परंतु गावाने एकत्र येऊन पहिला विचार करावा तो सामायिक छपरांचा. भाडेकरूची मुले त्या शाळेत जातात. पत्र्याखाली राहणारी आई त्या आरोग्य केंद्रात बाळंत होते. नगरपरिषदेचे पाणी सर्वांच्या नळाला येते आणि ते उपसण्याचा वीजखर्च सर्वांच्या करातूनच भागतो. ज्याला स्वतःचे छप्पर नाही त्याच्यापर्यंत उन्हाचा लाभ पोहोचविण्याची हीच वाट आहे.

आधी बचत, मग निर्मिती

सौर संच बसविण्यापूर्वी इमारतीकडे पाहावे, हा क्रम बहुधा विसरला जातो. एखाद्या शाळेत ४० पंखे आहेत असे धरू. जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नवा कमी विजेवर चालणारा 'बीएलडीसी' पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. जुन्या ४० पंख्यांना तीन किलोवॅट वीज लागते, नव्यांना सव्वा किलोवॅट पुरते. पंखे बदलले तर पावणेदोन किलोवॅटचा भार कमी होतो. चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्या तर तेथेही निम्म्याहून अधिक वीज वाचते. लहान संच पुरतो आणि देणगीचे पैसे वाचतात.

मग छप्पर. पूर्वीच्या कौलारू घरात माळा असे आणि दोन कौलांतील फटींतून हवा खेळे. ही मंगळुरी कौले बासेल मिशनच्या मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्यातून पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर सर्वत्र पसरली. पुढे स्लॅब प्रतिष्ठेचा झाला. माकडांचा त्रास, कौले चाळण्याचा खर्च, वरच्या मजल्याची सोय ही कारणे खरी आहेत, त्यांना नावे ठेवता येणार नाहीत. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरावर उष्णता ओततो आणि मग पंखा, कूलर, एसी अशी चढती भाजणी सुरू होते. पत्र्याखालची दुपार तर भट्टीच. छपराला चुन्याचा किंवा ऊन परतविणाऱ्या पांढऱ्या रंगाचा थर दिला तर आतील तापमान दोन ते पाच अंशांपर्यंत खाली येऊ शकते. अहमदाबादमध्ये गरीब वस्त्यांतील पत्र्याची छपरे महिलांच्या संघटनेने अशी रंगविली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छपरांचे धोरणच जाहीर केले. ज्याला सौर संच शक्य नाही त्या भाडेकरूला निदान हा थंडावा मिळू शकतो. एक पोते चुना आणि रविवारची एक सकाळ एवढ्या भांडवलावर गावातील तरुण मंडळ हे काम उभे करू शकते.

नवे बांधकाम करताना आणखी एक गोष्ट लक्षात असावी. जगातील एकूण कर्बवायूपैकी सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. वास्तुविशारद लॉरी बेकर हे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती, कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठी भारतात आले आणि येथलेच झाले. २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला त्यांचे देहावसान झाले. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची त्यांची पद्धत सुमारे पाव हिश्श्याने विटा वाचविते आणि भिंत थंड ठेवते. स्लॅबमध्ये जेथे काँक्रीटचे काम नसते तेथे जुनी मंगळुरी कौले घालून ते सिमेंट वाचवीत. तिरुवनंतपुरमचे लोयोला प्रार्थनामंदिर त्यांनीच बांधले. कौले मोडून ढिगाऱ्यात टाकणाऱ्या आपल्या गवंड्यांना आणि कंत्राटदारांना हे कोणी तरी दाखवायला हवे.

आपल्या संस्थांची छपरे

हा विषय आपल्या धर्मग्रामांनाही लागू पडतो. शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि सभागृहे यांची मोठी छपरे ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात आहेत. व्हॅटिकनमध्ये पोप पॉल सहावे सभागृहाच्या छपरावर २००८ मध्ये सुमारे २४०० सौर पॅनेले बसविली गेली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले. पुढे जून २०२४ मध्ये त्यांनी रोमजवळच्या सांता मारिया दी गालेरिया येथे शेती आणि सौरऊर्जा एकत्र नांदतील असा प्रकल्प उभारण्याचा आदेश दिला. आपल्या शेजाऱ्यांकडूनही शिकण्यासारखे आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवून प्रसादालयात वाफेवर हजारोंचा स्वयंपाक सुरू केला.

आपल्याकडे मात्र व्यवहाराच्या काही बाबी तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये. सूर्यघर योजनेचे अनुदान घरांना आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींना आहे, शाळा किंवा न्यासांना नाही. त्यामुळे संस्थेला स्वतःचा निधी उभारावा लागेल, किंवा कंपनीने संच बसवायचा आणि आपण वापरलेल्या युनिटचे पैसे द्यायचे, असा करार करावा लागेल. असा करार पंधरा-वीस वर्षांचा असतो, म्हणून तो जाणकार सनदी लेखापालाकडून वाचून घ्यावा. बिगर-निवासी ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळी आकारणी असते, तिचे नियम बदलत असतात, तेही पाहावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असते आणि ऊन मात्र सर्वांत प्रखर असते. ती वाया जाणारी वीज हिशेबात कशी जमा होईल, हे आधीच विचारावे. जून ते सप्टेंबर कोल्हापुरी पावसात निर्मिती बरीच घटते. आणि गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी काळी राख आपल्या गच्च्यांवर पसरते, ती पॅनेलवरही पसरणारच. ती धुणार कोण?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु सगळे यशापयश त्यातच आहे. अनुदानातून उभारलेले सौर पथदिवे बॅटरीविना मुके उभे असलेले आपण किती गावांत पाहिले आहेत! फीत कापायला मान्यवर येतात, फडके घेऊन चढायला कोणी नसते. म्हणून संच बसविण्यापूर्वी सांभाळणाऱ्याचे नाव ठरवावे. वाचलेल्या बिलातील ठराविक हिस्सा देखभालीच्या स्वतंत्र खात्यात टाकावा. गावातील आयटीआय शिकलेल्या दोन मुलामुलींना हे काम शिकवावे. किती युनिट निर्माण झाले आणि किती रुपये वाचले, हे दर महिन्याला दर्शनी फलकावर लिहावे. दरेवाडीने हेच केले होते, आणि आपल्या दूध संस्थाही रोज सकाळी फॅट आणि लिटरचा हिशेब असाच उघड मांडतात.

ज्यांना छप्परच नाही

शेवटी एका चित्राकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या शिवारात येतात. मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांनी तोडलेल्या उसाच्या चिपाडावर वीज तयार होते, तिचे दिवे दूरवर लागतात आणि कोपीत मात्र चिमणीचा धूर असतो. पहाटे तीनला उठून फडाकडे जाणाऱ्या बाईला काळोखातून चालावे लागते. तिचे तान्हे बाळ पाचटावर निजते.

या मायभगिनीसाठी सूर्यघर योजनेत रकाना नाही, कारण तिला घर नाही. कोणत्याही छपराच्या योजनेने तिचा प्रश्न सुटणार नाही. परंतु कारखान्याच्या तळावर एक सामायिक सौर खोली उभी राहू शकते. तेथे दिवे आणि मोबाइल चार्ज होतील, मुलांना संध्याकाळी अभ्यासाला प्रकाश मिळेल, पाण्याची टाकी भरेल. त्याचा खर्च एखाद्या सुखवस्तू घरावरील संचाहून फार अधिक येणार नाही. कारखाना, ग्रामपंचायत, एखादी शाळा किंवा एखादे धर्मग्राम यांपैकी कोणी तरी एकाने पुढाकार घेतला तरी पुरे.

वडगावच्या गच्चीवरून दिसणारी निळी पॅनेले वाढोत, ही आमची मनापासूनची इच्छा आहे. मात्र पुढच्या वेळी गावात सौर संचाचा विषय निघेल, पॅरिश कौन्सिलमध्ये, शाळेच्या व्यवस्थापन समितीत किंवा नगरपरिषदेच्या सभेत, तेव्हा किलोवॅट किती आणि अनुदान किती याबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत. हा प्रकाश ज्याला छप्पर नाही त्याच्यापर्यंत कसा पोहोचेल? आणि पाच वर्षांनंतर ही पॅनेले पुसायला शिडीवर कोण चढेल? या दोन प्रश्नांची उत्तरे ठरावात नावानिशी लिहिली गेली, तरच तो ठराव मंजूर करावा.